सायकलवरून चिखलदरा

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण सपाट मुलखांत राहाणाऱ्या कोणा शहाण्यानेंच प्रथम उच्चारली असावी. वऱ्हाडच्या लोकांचें डोंगराशीं असलेलें नातें तिच्यांत पुरेपूर उतरलें आहे. पावसाळा सरून आकाश निवळलें आणि परतवाड्याच्या रस्त्यानें बरेंच पुढें गेलें, कीं उत्तरेस गाविलगडाच्या रांगेची निळी रेघ दिसूं लागते; अकोल्याहून अकोटाकडे जाणारासहि तीच रांग सामोरी येते. पूर्णेच्या खोऱ्यांतील माणूस ह्या निळ्या भिंतीकडे पाहात लहानाचा मोठा होतो. तिच्यावर चढण्याचा प्रसंग आलाच तर मोटार आहे. सकाळीं निघावें, दुपारीं चिखलदऱ्यास पोहोंचावें, दोन-चार ठिकाणीं उभें राहून छायाचित्रें काढावींत आणि दिवेलागणीस घरीं परतावें, अशी आपली रीत. ह्या रीतींत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु अशा रीतीनें जाऊन आलेल्यास तो डोंगर किती उंच, त्याचा चढ कोठें तीव्र व कोठें सौम्य, पायथ्याची माती आणि माथ्यावरची माती ह्यांत अंतर काय, असें विचारलें तर उत्तर देतां येत नाहीं. डोंगर त्यानें डोळ्यांनीं पाहिलेला असतो. त्याच्या पायांस तो ठाऊक नसतो.

गेल्या नाताळच्या सुट्टींत मी व माझा भाचा, असे आम्ही दोघे अमरावतीहून सायकलीनें चिखलदऱ्यास जाऊन आलों. जाण्यायेण्याचें अंतर दीडशे किलोमीटरांहून कांहींसें अधिक भरलें. एवढें अंतर एका दिवसांत तोडणारे सायकलस्वार आज पुष्कळ आहेत. आम्हांस त्यासाठीं तीन दिवस लागले. तेव्हां पराक्रम म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी नाहीं. परंतु ह्या प्रवासाच्या निमित्तानें आमच्या कुटुंबांतील एक जुना प्रश्न सुटला, आणि ज्या घरीं मुलें आहेत अशा बहुतेक घरीं तो प्रश्न ह्या ना त्या रूपानें असतोच, म्हणून ती येथें लिहीत आहें.

माझा भाचा नववींत शिकतो. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्यास दम्याचा विकार आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला, जिनांतून रुई निघूं लागली आणि हवेंत बारीक तंतु उडूं लागले, कीं ताईच्या घराच्या खिडक्या बंद होत. धुळींत जावयाचें नाहीं, धांवावयाचें नाहीं, जिना चढावयाचा तो कठड्यास धरून, असे त्याच्या लहानपणाचे नियम. खेळाच्या तासास इतर मुलें मैदानावर उतरलीं म्हणजे हा त्यांचीं दप्तरें राखीत बसे व धांवांची नोंद ठेवी. ती नोंद तो इतकी चोख ठेवी कीं, वर्गांतील मुलें त्यास 'हिशेबनीस' म्हणत. ताईस ह्याबद्दल दोष देण्याचें कारण नाहीं. मध्यरात्रीं मुलाच्या छातींतील सूं-सूं असा आवाज ऐकत जिनें पहाटेची वाट पाहिली आहे, त्या आईला धीर धर म्हणून सांगणें सोपें. तिच्या जागीं बसणें कठीण.

दोन वर्षांपूर्वीं त्याची औषधयोजना बदलली आणि विकार आटोक्यांत आला. त्या वेळीं डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें कीं, नियमानें औषध घेऊन ज्याचा दमा काबूंत राहिला आहे त्या मुलास व्यायामाची बंदी करण्याचें कारण नाहीं; हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम त्यास हितकरच होईल. मात्र त्यांनीं तीन अटी घातल्या. श्रमास एकदम आरंभ करूं नये, प्रथम अंग तापवून घ्यावें. श्वासाचा पंप सदैव खिशांत असावा. आणि श्रम चालू असतांना तोंडानें पूर्ण वाक्य न अडखळतां बोलतां आलें पाहिजे. शब्द तुटूं लागले कीं त्याच क्षणीं थांबावें. दम्याचें प्रत्येक मूल वेगळें असतें. तेव्हां ज्यांच्या घरीं असा विकार असेल त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून आमचें अनुकरण करूं नये, हें येथेंच सांगून ठेवतों.

दिवाळीच्या सुट्टींत एके दिवशीं भाचा मला म्हणाला, "मामा, मला सायकलीनें चिखलदऱ्यास जायचें आहे." ताईनें तें ऐकलें. ती मला म्हणाली, "अरे, जिना चढतांना ज्याला धाप लागते त्याला तूं घाट चढायला नेणार?" ह्यावर भाऊजी कांहीं बोलले नाहींत, मीहि बोललों नाहीं. पण प्रश्न मनांत राहिला. चढ अवघड आहे म्हणून मुलाला चढापासून दूर ठेवावें, कीं मुलाच्या बळाला झेपेल असा तो चढ करून द्यावा? पहिला मार्ग मायेचा दिसतो. परंतु आई-बाप जन्मभर पुरत नाहींत, आणि चढ तर जन्मभर असतात.

चढ बळाला झेपेल असा करून देण्याची एक युक्ति सायकलीच्या दातेरी चाकांत आहे, आणि ती विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. माझ्याकडे वडिलांच्या वेळची काळी सायकल आहे. तिच्या पुढच्या दातेरी चाकास ४४ दांते आहेत आणि मागच्यास १८. म्हणजे पायटा एकदा फिरला कीं मागचें चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें, व सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाटीवर ही मोठी सोय. चढावर तोच मोठा जाच. भाच्याची सायकल डोंगरी पद्धतीची, जाड टायरांची. तिच्या पुढच्या दातेरी चाकांतील सर्वांत लहान २८ दांत्यांचें, आणि मागच्यांतील सर्वांत मोठेंहि २८ दांत्यांचें. सांखळी ह्या जोडीवर आणली कीं पायट्याच्या एका फेऱ्यास चाकाचाहि एकच फेरा होतो, आणि सायकल केवळ दोन मीटर पुढें सरकते. अंतर कमी तोडलें जातें, परंतु पायास जोरहि त्याच मानानें कमी लावावा लागतो. डोंगराची उंची ह्यानें तसूभरहि घटत नाहीं. शंभर शेराचें ओझें एकदम उचलवत नसेल तर तें शेर-शेर करून वर न्यावें, तसाच हा प्रकार. काम तेवढेंच, मात्र तें देहाच्या मगदुराप्रमाणें वांटून घेतलेलें.

ही विद्या फ्रान्स देशानें फार जोपासली. त्या देशाच्या सेंत-एत्येन नगरांत पॉल द व्हिव्ही ह्या नांवाचा एक गृहस्थ होऊन गेला (१८५३–१९३०). 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनांवानें तो ओळखला जाई. डोंगराळ मुलखांत सायकल चालवावयाची तर तिला एकाहून अधिक गियर हवेत, असा त्याचा आग्रह होता, आणि त्याबद्दल त्याची पुष्कळ थट्टा झाली. गियर बदलणें हें दुबळ्यांचें व म्हाताऱ्यांचें काम, बळकटानें एकाच गियरवर चढावें, असा त्या काळचा समज होता. १९०३ सालीं सुरू झालेली फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकलशर्यत, तूर द फ्रान्स, १९१० सालीं प्रथम पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेण्यांत आली, तेव्हां मोठमोठे स्वार कांहीं ठिकाणीं खालीं उतरून सायकल ढकलीत गेले. त्यांच्यांतच ओक्ताव्ह लापीझ हा होता, आणि त्या वर्षींची शर्यत त्यानेंच जिंकली. चालतां चालतां गियर बदलण्याच्या यंत्रास त्या शर्यतींत मुभा मिळावयास मात्र १९३७ साल उजाडलें. ज्या सोयीस दुबळ्यांची काठी म्हणून हिणविलें, तीच पुढें जगांतील बळकटांत बळकट स्वारांनीं हातीं घेतली. भाच्याला मी ही हकीकत सांगितली, तेव्हां तो बराच वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "म्हणजे पंप खिशांत ठेवणें हेंहि गियरसारखेंच."

आज फ्रान्सच्या द्राक्षांच्या मुलखांत सायकलीनें हिंडणें हा एक मोठा लौकिक झाला आहे. बर्गंडी प्रांतांत जिव्री ते क्ल्युनी ह्या गांवांमधील बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागीं १९९७ सालीं सायकलींसाठीं रस्ता करण्यांत आला, आणि द्राक्षमळ्यांच्या बाजूनें म्हातारे व मुलें त्यावरून जाऊं लागलीं. ज्यांस अधिक चढ हवा असतो ते डोंगरी सायकली घेऊन टेकड्यांतील मातीच्या वाटांनीं जातात. अशा प्रवाशास एक गोष्ट पायांनींच कळते. उत्तम द्राक्षें बहुधा ऐन सपाटीवर नसतात, टेकडीच्या उतारावर असतात. उतारावर पाणी मुळांशीं तुंबत नाहीं, ऊन चांगलें लागतें, आणि रात्रींची जड थंड हवा खालीं घसरून जाते. जो चढ सायकलस्वाराचा घाम काढतो, तोच द्राक्षास गोडी आणतो. हें वाचून मला वाटलें कीं, आपल्या गाविलगडाच्या पायथ्याशीं संत्र्याचे बाग आहेत, माथ्यावर कॉफीचे मळे आहेत. आपल्या चढाचीहि अशीच कांहीं हकीकत असेल, ती पाहावी.

दूरचें उदाहरण पटत नसेल तर जवळचींहि आहेत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटरांची जी सायकलशर्यत होते, ती नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं जोडीनें २०१५ सालीं पुरी केली, आणि आपल्या विदर्भांतील नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनीं २०१७ सालीं ती एकट्यानें पुरी केली. तिघेहि डॉक्टर, हें मी ताईस मुद्दाम सांगितलें.

तयारीस दीड महिना दिला. आरंभीं वडाळीच्या तलावापर्यंत, मग छत्री तलावापर्यंत, मग पोहऱ्याच्या रस्त्यावरील चढांवर, असें आम्ही दर रविवारीं पहाटे जात असूं. डॉक्टरांची तिसरी अट पाळण्यासाठीं भाच्यानें एक तोड काढली. चढावर तो मोठ्यानें पाढे म्हणे. आवाज सरळ चालला आहे तोंवर ठीक. पाढा मध्येंच तुटला कीं उतरावयाचें. त्यामुळें पुढें पाहात असतांनाहि त्याचा श्वास कसा आहे हें मला मागून ऐकूं येई. पहिल्या रविवारीं बाराच्या पाढ्यांत तो अडखळला. डिसेंबर लागतां लागतां एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत पोहोंचला. ताईनें अखेर होकार दिला, पण घाटाच्या दिवशीं भाऊजींनीं मोटार घेऊन मागून यावें, ह्या अटीवर. ती अट आम्हीं आनंदानें मान्य केली.

पहिला दिवस सपाटीचा. अमरावतीहून परतवाडा सुमारें पन्नास किलोमीटर. वलगांवास पेढी नदी लागते. ह्याच वलगांवाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजीं गाडगेबाबांनीं देह ठेवला. आम्ही क्षणभर उभे राहिलों. जो पुरुष सारा महाराष्ट्र पायीं फिरला त्याच्यापुढें आमच्या सायकली ही चैनच होती. पुढें काळी, खोल, भेगाळ जमीन. तूर फुलावर होती, हरभरा हिरवागार होता, आणि कापसाच्या शेतांतून वेचणी करणाऱ्या बायकांच्या रांगा दिसत होत्या. भाच्यानें तोंडास रुमाल बांधला. पूर्णेच्या दोन्ही तीरांस हा जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्याच्या विहिरींचें पाणी खारें. तें पिकांस चालत नाहीं व माणसांसहि नको. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा आहे. आसेगांवीं पूर्णा ओलांडली, आणि पुढें कांहीं मैलांत मुलूख पालटूं लागला. मोटारींतून हा पालट मला कधीं जाणवला नव्हता. रस्ता किंचित् किंचित् वर चढतो, पायट्यास थोडा अधिक जोर लागतो, आणि तेवढ्यांत संत्र्याचे बाग दिसूं लागतात.

ह्याचें कारण एका बागाइतदारानें आम्हांस उभ्या उभ्या समजावून दिलें. डोंगरांतून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशीं येतांच आपला वेग टाकतात, आणि बरोबर आणलेले दगडगोटे, वाळू, मुरूम तेथेंच सोडतात. त्या थरांतून पाणी भराभर मुरतें आणि गोडें राहातें. संत्र्याचें झाड पाण्याचें भुकेलें खरें, पण मुळांशीं पाणी सांचलेलें त्यास मुळींच सोसत नाहीं. तसें झालें कीं खोडांतून डिंक गळूं लागतो, साल कुजते, आणि ह्या डिंक्या रोगानें झाड जातें. म्हणून थोडा उतार असलेली, निचऱ्याची जमीन त्यास मानवते. "पण आतां ज्यानें त्यानें उपसा केला," बागाइतदार म्हणाला, "विहिरी आटल्या, मग बोअर मारले, आणि बोअरहि दरवर्षीं खोल चालले." त्यानें आम्हांस आंबिया बहाराचीं, झाडावर उरलेलीं चार संत्रीं दिलीं. शेजारच्या बागेंत मृगाचीं फळें अजून हिरवीं होतीं. तीं फेब्रुवारी-मार्चांत उतरावयाचीं. डोंगराचा उतार द्राक्षाचें कल्याण कसें करतो तें मीं पुस्तकांत वाचलें होतें. संत्र्याचें कल्याण कसें करतो तें त्या बांधावर चाखावयास मिळालें. त्या रात्रीं आम्ही परतवाड्यास एका नातलगाकडे राहिलों.

दुसऱ्या दिवशीं ऊन पडल्यावर, सात वाजतां, निघालों. थंड कोरडी हवा दम्यास सोसत नाहीं, म्हणून भाच्यानें नाकातोंडावर मफलर घेतला होता, आणि डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें निघण्यापूर्वीं पंपाचे दोन झुरके घेतले होते. धामणगांव गढीपर्यंत रस्ता बरा होता. पुढें घाट लागला. परतवाड्यापासून चिखलदऱ्याच्या माथ्यापर्यंत सुमारें साडेसातशे मीटर उंची चढावयाची. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच आहे. माझ्या काळ्या सायकलीवरून मी पहिल्या तीव्र वळणावरच उतरलों व चालूं लागलों. भाचा बारीक गियरवर, माणसाच्या चालीइतक्याच वेगानें, माझ्या बाजूनें चढत होता. दोहों बाजूंस सागाचें रान, त्याचीं वाळलेलीं मोठालीं पानें रस्त्यावर खडखडत होतीं. व्हेलोसिओचा एक उपदेश असा कीं, भूक लागण्यापूर्वीं खावें आणि तहान लागण्यापूर्वीं प्यावें. त्याप्रमाणें दर अर्ध्या तासानें थांबून आम्ही गूळ-शेंगदाणे खात होतों व पाणी पीत होतों. पाढे चालू होते. तेरा झाले, चौदा झाले. सतराच्या पाढ्यांत आवाज तुटला.

तो लगेच उतरला. मी पाठीवर हात ठेवला तर छाती भात्यासारखी चालली होती आणि तो ओळखीचा सूं-सूं आवाज येत होता. त्यानें खिशांतून पंप काढला, मला एक शब्दहि विचारला नाहीं, शिकविल्याप्रमाणें झुरके घेतले व कठड्यावर ताठ बसला. मोबाइलवर एकहि रेघ नव्हती. खरें सांगावयाचें तर त्या पंधरा मिनिटांत मला ताईची ती मध्यरात्र प्रथम समजली. हळूहळू श्वास संथ झाला, आवाज मावळला. मी म्हणालों, "परत फिरावयाचें असेल तर उतार समोरच आहे." तो म्हणाला, "मामा, आतां मी बसून नाहीं, चालत जाईन. लापीझ चालला होता ना?"

आम्ही दोघे सायकली ढकलीत चालूं लागलों. डोईवर गवताचा भारा घेतलेला एक कोरकू म्हातारा मागून आला. कोरकू ही मेळघाटची मूळची वस्ती. त्यांची भाषा मराठीहून सर्वस्वीं निराळ्या, मुंडा कुळांतली. पण आमच्याशीं तो आमच्या वऱ्हाडींत बोलला. "गाडी हाये, मंग पायी काहून चालतां?" भाचा म्हणाला, "गाडीलाहि विसांवा पाहिजे ना, बाबा!" म्हातारा मोठ्यानें हंसला, आणि एवढा भारा घेऊनहि आमच्या पुढें निघून गेला. त्यास ना गियर, ना पंप. केवळ न थांबतां टाकलेलें लहान पाऊल. तेंच आम्हीं त्याच्यापासून घेतलें.

अकराच्या सुमारास भाऊजींची मोटार आली. आंत ताईहि होती. मुलगा सायकल ढकलीत चालला आहे हें पाहून तिनें मोटार थांबण्यापूर्वींच दार उघडलें. "बस आंत," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. भाचा म्हणाला, "आई, आधीं पाढा ऐक." आणि चालतां चालतां त्यानें सतराचा पाढा आरंभापासून अखेरपर्यंत, कोठेंहि न तुटतां म्हणून दाखविला. ताई मोटारींतून खालीं उतरली. पुढच्या वळणापर्यंत ती त्याच्याबरोबर चालत आली. दोघेंहि कांहीं बोललीं नाहींत. वळणावर तिनें त्याच्या गळ्यांतला मफलर नीट केला, मोटारींत जाऊन बसली, दार ओढून घेतलें, आणि भाऊजींस म्हणाली, "आपण पुढें जाऊन चहा सांगूं." मोटार दिसेनाशी झाल्यावर भाचा पुन्हां सायकलवर बसला.

मोथ्याजवळ चढ सौम्य झाला, आणि दुपारीं एकाच्या सुमारास आम्ही चिखलदऱ्यास पोहोंचलों. चहा निवून दोनदां तापविला गेला होता. संध्याकाळीं कॉफीचीं झुडुपें पाहावयास गेलों. इंग्रजी अमदानींत येथें कॉफीची लागवड झाली. उंच झाडांच्या विरळ सावलींत तीं झुडुपें वाढतात. डिसेंबरांत फळें पिकून लाल होतात, आणि प्रत्येक फळांत बहुधा दोन बिया, सपाट बाजू समोरासमोर करून बसलेल्या. थंड हवा, पावसाचें भरपूर पाणी आणि तें वाहून जावयास उतार, हीं सर्व येथें एकत्र मिळतात. गाविलगडहि पाहिला. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेल्स्लीच्या इंग्रज फौजेनें तो घेतला. त्याच महिन्याच्या ३० तारखेस, खालीं दिसणाऱ्या अंजनगांव सुर्जीस शिंद्यांनीं तह केला. तटावरून दक्षिणेस पाहिलें म्हणजे सगळें वऱ्हाड पायांखालीं अंथरलेलें दिसतें. ज्या चंद्रभागा, सापन, शहानूर ह्या नद्यांच्या पाण्यावर पायथ्याच्या बागा जगतात, त्या ह्याच डोंगरांतून उतरतात. आणि डोंगरपायथ्याच्या धरणांतून खारपाणपट्ट्यांतील कित्येक गांवांस पिण्याचें पाणी जातें. मेळघाटचें हें रान १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प म्हणून राखलेलें आहे, देशांतील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकीं एक. म्हणून येथें सायकलस्वारानें सार्वजनिक रस्ता सोडूं नये, आडवाटेस शिरूं नये, आणि दिवस मावळण्यापूर्वीं मुक्कामास असावें.

तिसऱ्या दिवशीं उतार. चढावर मनुष्य दमतो, परंतु अपघात बहुधा उतारावर होतात, ह्याचा विद्यार्थ्यांनीं विसर पडूं देऊं नये. आम्हीं कांहीं नियम ठरविले होते. दोन्ही ब्रेक एकत्र वापरावे. केवळ पुढचा जोरानें दाबला तर स्वार पुढें फेंकला जातो. ब्रेक सारखा दाबून ठेवूं नये, थोडा दाबावा, सोडावा, नाहींतर चाकाची कड तापते. वळणापूर्वीं वेग कमी करावा, वळणांत नव्हे. जेवढा रस्ता डोळ्यांस दिसतो तेवढ्यांत थांबतां येईल, ह्याहून अधिक वेग कधींच नसावा. डोक्यावर शिरस्त्राण असावें. भाच्यानें हे नियम इतके काटेकोर पाळले कीं, दोन ठिकाणीं मलाच त्याच्यासाठीं थांबावें लागलें. आयुष्यभर श्वास मोजून वागलेल्या मुलास आवर शिकवावा लागत नाहीं, तो त्याच्या अंगींच असतो. त्यास पुढें जावयास शिकवावें लागतें.

आतां कोणी विचारील, दमा गेला काय? नाहीं. दमा असा जात नाहीं. फेब्रुवारींत एक रात्र ताईस पुन्हां जागावें लागलें. पण त्या रात्रीं मुलानें स्वतः उठून औषध घेतलें, स्वतःच डॉक्टरांची सूचना वाचली, आणि आईला म्हणाला, "तूं झोंप, मी मोजतों आहें." खेळाच्या तासास आतां धांवांची नोंद दुसरा मुलगा ठेवतो. आणि येत्या हिंवाळ्यांत अकोल्याहून अकोट, पोपटखेडमार्गें नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाण्याचा बेत ठरला आहे. वनखात्याचे नियम विचारून ठेवण्याचें काम ताईनें आपण होऊन घेतलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, घरीं सायकल असेल तर तिला हवा भरा, सांखळीस तेल द्या, ब्रेक तपासा, आणि प्रथम आपल्या गांवच्या तलावापर्यंत जा. निळी रेघ कोठें पळून जात नाहीं. तेथवर पोहोंचण्याचे दिवस पुढें आहेत. चढावर उतरून चालण्याची लाज बाळगूं नका. आणि पालकांस माझी नम्र विनंती ही कीं, आपल्या मुलास काय झेपत नाहीं तें आपणांस उत्तम ठाऊक आहे. आतां कोणत्या गियरवर काय झेपेल, तें त्याच्याबरोबर बसून एकदां शोधून पाहावें. मोटार मागून अवश्य येऊं द्यावी. दार मात्र लगेच उघडूं नये.